विसावं नाव

जून लागला की अमरावतीत चेहरे उगवतात. विजेच्या खांबांवर, ऑटोच्या पाठीवर, उड्डाणपुलाच्या कठड्यावर. पासपोर्ट फोटोतले, गंभीर, नुकतेच पास झालेले चेहरे. नावाखाली टक्के, टक्क्यांखाली क्लासचं नाव. काल सिग्नलला पुढच्या ऑटोमागे चिकटवलेली एक मुलगी सिग्नल सुटेपर्यंत माझ्याकडे रोखून बघत होती. कागद एका कोपऱ्यातून सुटला होता आणि गरम वाऱ्यात तिचा अर्धा गाल फडफडत होता.

मी शिकवते तो क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे. स्पर्धा परीक्षा, मराठी व्याकरण. एका बाकावर चार जण, एका प्रश्नाला चार पर्याय. मुलं हुशार आहेत, भराभर उत्तरं देतात. गेल्या आठवड्यात एका शब्दापाशी मी उगाच थांबले आणि विचारलं, हा शब्द आपल्याकडे शेतात कुठल्या अर्थानं वापरतात, कोणी सांगेल का? पहिल्या बाकावरची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, हे येते का परीक्षेत?" मी नाही म्हटलं. तिनं पेन खाली ठेवलं. मग सगळ्यांनीच ठेवलं. तेवढी पेनं एकदम बाकावर टेकल्याचा आवाज मला पाठ फिरवूनही ऐकू आला. मी पुढच्या प्रश्नावर गेले. त्यांचा काही दोष नाही. त्यांना नोकरी हवी आहे आणि मला त्यांना ती मिळवून देण्यासाठीच बसवलं आहे.

खाली झेरॉक्सचं दुकान आहे. या महिन्यात तिथून दिवसभर लॅमिनेशनचा वास वर येतो. तापलेलं प्लास्टिक, शाई, फोटो चिकटवायचा डिंक आणि दाखल्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा घाम. जून म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात. मला हा वास येतो, आणि वासाबरोबर आठ वर्षांपूर्वीचा अकोल्याचा तो जून येतो, ज्या जूनमध्ये मी दारोदार मराठी विकत फिरले.

विकत हा शब्द माझा नाही. तो आमच्या प्राचार्यांचा.

तेव्हा मी अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांपुरते तुम्ही प्राध्यापक. मार्चमध्ये परीक्षा लागल्या की तुम्ही कोणीच नसता. मग उन्हाळाभर घरी बसायचं, पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, त्याच खुर्चीसाठी, त्याच माणसांसमोर. "स्वतःबद्दल सांगा." सहा वर्षं मी त्यांना स्वतःबद्दल सांगत होते. विभागात दोघंच होतो. विभागप्रमुख निंभोरकर सर, जे कायम होते आणि ज्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि मी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. माझी नेमणूक अजून व्हायची होती, तरी मलाही बोलावलं होतं. कूलर खडखडत होता, त्यातल्या वाळ्याचा वास हॉलभर होता. प्राचार्य म्हणाले, "यावर्षीपासून ज्या विषयाला वीस नावं नाहीत, तो विषय नाही. एकोणीस चालणार नाहीत. गावोगाव जा. आपला विषय विकायला शिका. नर्सिंगवाले विकतात, इंग्रजी शाळावाले विकतात, तुम्हालाच काय होते?"

निंभोरकर सर उभे राहिले. ते रागावले की त्यांची बोली वर यायची. "सर, विकू तं कशी विकू? ते तं लोकायजवळ आधीचीच हाये."

सगळे हसले. प्राचार्यही हसले. मग त्यांनी कागद उलटला आणि पुढचा विषय घेतला.

दहा-बारा दिवसांत आमची एकोणीस नावं झाली. त्यातली काही नुसती नावंच होती. कोणाला शिष्यवृत्तीपुरता प्रवेश हवा होता, कोणाला पोलीस भरतीची तयारी करताना घरच्यांना सांगायला कॉलेज हवं होतं. एक नाव कमी होतं. सरांच्या स्कूटरवर मागे बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून, मांडीवर माहितीपत्रकांची पिशवी धरून मी बाळापूरकडे निघाले. किल्ला मागे टाकून आम्ही एका कच्च्या रस्त्याला लागलो. निंबाच्या सावल्या तेवढ्या काळ्या, बाकी सगळं पांढरं. वाटेत एक पिवळी व्हॅन आडवी गेली. इंग्रजी शाळेची. शाळा सुरू व्हायच्या होत्या, पण व्हॅन रिकामीच गावात फिरत होती, नुसती दिसावी म्हणून.

त्या रस्त्यावर मला वडील आठवत होते. ते पाटबंधारे खात्यात शिपाई होते आणि आमच्या वस्तीतले अर्ज लिहिणारे. संध्याकाळी दाराशी लोक बसायचे. कोणाच्या विहिरीचं, कोणाच्या पेन्शनचं, कोणाला गावातल्या पाण्यावर अडवलं त्याचं. वडील आधी सगळं ऐकून घ्यायचे, मग खाली मान घालून लिहायचे आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. ज्याचं दुःख असायचं तो ते ऐकताना ताठ बसायचा. आपलंच बोलणं इतक्या इतमामानं परत आलेलं बघून त्याला नवल वाटायचं. मी मराठीत एम.ए. केलं ते त्या वाचून दाखवण्यामुळे. आता त्याच भाषेची माहितीपत्रकं पिशवीत होती. गुळगुळीत कागद, वर हसणाऱ्या मुली, आणि त्यातली एकही आमच्या कॉलेजातली नव्हती.

नुकत्याच बारावी झालेल्या प्रणिताचं घर गावाच्या टोकाला, मळ्याला लागून होतं. माळ्याचं घर. भाजीपाला, वर झेंडूची फुलं. तिची आई कांताबाई ओल्या पोत्यावर गवारीचा ढीग निवडत बसली होती. खाटेवर एका नर्सिंग कॉलेजचं कॅलेंडर पडलेलं होतं. त्या कॉलेजचा माणूस सकाळीच येऊन गेला होता आणि मंगळवारी प्रणितानं त्याच्याबरोबर फॉर्म भरायला जायचं ठरलं होतं. आम्ही मराठीचं नाव काढलं तेव्हा कांताबाईंनी मान वर केली नाही. नुसतं विचारलं, "ते काहून शिका लागते बाप्पा?"

सर हसले. "पोरीले वाचाले आवडते का?"

"कागद दिसला की वाचते. पुड्याचाही वाचते."

दाराशी उभ्या मुलीला मी म्हटलं, "लिहिलेलं काही आहे? वही दाखवतेस?" ती आतून एक वही घेऊन आली. उंच, सावळी, ओठ घट्ट मिटलेली. बारावीला वर्गात लिहिलेला निबंध होता, 'माझा अविस्मरणीय दिवस'. पानभर लाल गोल. 'मले'तल्या 'ले'ला गोल, 'तोलाले'ला गोल, 'तं'ला गोल.

"सरनं सारे गोल केले," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, माहिती दिल्यासारखं सांगत होती.

गोलांच्या मधून मी वाचायला लागले. 'वांगे तोलाले टाकले की माय गप होते. अडत्या बोलते. माय फक्त काट्याकडे पाहते. काटा थांबला की ती श्वास सोडते.' बाळापूरच्या बाजारातली एक सकाळ होती ती, बस्स. पण मी सहा वर्षांत एवढं साफ गद्य एकाही वहीत वाचलं नव्हतं. मी वही सरांकडे दिली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"आमच्या विभागात आम्ही गोल करत नाही," मी म्हणाले. हे खरं होतं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण खाटेवर ते कॅलेंडर होतं, मंगळवार जवळ होता आणि यादीत एकोणीस नावं होती. मी पुढे बोलत गेले. मराठीत आता किती संधी आहेत, आकाशवाणी, वर्तमानपत्रं, अनुवाद, शिक्षकी. माझं मलाच ऐकू येत होतं. गुळगुळीत कागदासारखा आवाज.

कांताबाईंचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, खरं सांगजा. मराठी शिकून तुमची नवकरी पक्की हाये का?"

"हो," मी म्हणाले. "पक्की आहे."

निंभोरकर सर मळ्याकडे बघत राहिले. परत येताना ते पूल ओलांडल्यावर एकदाच म्हणाले, "पोरगी मोठी लिहिणारी हाये." मी हो म्हटलं. बाकीच्याबद्दल त्यांनीही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विसावं नाव झालं होतं.

ते एक वर्ष मात्र मिळालं. ते मी नाकारत नाही. वीसपैकी अकरा जण यायचे. मागच्या इमारतीतली खोली, खिडकीबाहेर सायकल स्टँड. प्रणिता सकाळच्या एसटीनं यायची, पिशवीत भाकरीबरोबर आईनं सरांसाठी दिलेली भाजी असायची. सर कधी लाल पेन जवळ ठेवत नसत. ते म्हणायचे, जसं ऐकलं तसं लिहा, मग आपण पाहू. प्रणिता लिहायची आणि उभी राहून वाचायची. मळ्यावरच्या मोटरपंपाचा आवाज, मामाचं लग्न मोडलं ती दुपार, बसमधल्या बायकांचं भांडण. वाचून झालं की एकदम सरांकडे बघायची. सर काही म्हणायच्या आधी खोलीत जी शांतता पसरायची तिच्यासाठी मी शिक्षक झाले असं मला वाटायचं. मी प्रमाण भाषाही शिकवत होते, हे सांगायला हवं. परीक्षेत ती लागते, कचेरीत लागते. प्रणिता दोन्ही लिहू लागली होती. एका भाषेत अर्ज, दुसरीत मन. माझ्या वडिलांना जमायचं तसं.

उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरली नाही.

आणि पुढच्या जूनमध्ये सूचनाफलकावर कागद लागला. मुख्य विषय म्हणून मराठी या वर्षापासून बंद. नव्या मुलांची नावं आली नव्हती, आणि मी एकटी किती दारं फिरणार होते? जुन्या मुलांनी दुसरा विषय घ्यावा. खाली रंगीत चौकट, नवा अभ्यासक्रम, 'संवाद कौशल्य व व्यक्तिमत्त्व विकास, नोकरीची हमखास संधी'.

मी पुष्कळदा विचार करते की हे नेमकं केलं कोणी. कोणी मराठीवर बंदी घातली नाही. प्राचार्य दर जानेवारीत मराठी भाषा पंधरवड्याला गौरवाचा फेटा बांधून घेणारे गृहस्थ होते. संस्थाचालकांची भाषणं तर मीच लिहून द्यायचे, त्यात मायबोलीचे गोडवे असायचे. कोणाच्याच मनात भाषेबद्दल वाईट नव्हतं. फक्त ती ज्या खोलीत बसत होती तिचं भाडं तिनंच भरावं, असं सगळ्यांना सहज वाटायला लागलं होतं. आणि भाडं भरू न शकणाऱ्याला उठवताना राग यावा लागत नाही. एक कागद पुरतो.

प्रणिता त्या कागदासमोर उभी होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, आता म्या काय करू?"

मी अमरावतीला जा म्हणाले, तिथल्या कॉलेजात विषय आहे. तिनं मान हलवली. घरून पाठवणार नव्हते, आधीच एक वर्ष वाया गेलं म्हणून घरी बोलणी बसत होती. नर्सिंगची संधी गेली होती. तिनं राज्यशास्त्र घेतलं आणि त्याबरोबर तो रंगीत चौकटीतला अभ्यासक्रम. आणि तो अभ्यासक्रम शिकवायला सहायक म्हणून कोण होतं, तर मी. मला विचारलं गेलं आणि मी हो म्हटलं. माझ्याकडे कारणं होती. इथे लिहीत नाही. लिहिली की ती पुरेशी वाटायला लागतात.

पुण्याहून एक प्रशिक्षक यायचा. तरुण, हसरा, इस्त्रीचा शर्ट. वाईट माणूस नव्हता. पडद्यावर वाक्यं दाखवायचा आणि मुलांनी ती म्हणायची. दुसऱ्या की तिसऱ्या तासाला त्यानं टेबलावर खोटा फोन ठेवला आणि प्रणिताला पुढे बोलावलं. "ग्राहकाचा फोन आलाय. बोला."

तिनं फोन कानाला लावला. "नमस्कार, मी प्रणिता बोलून राहिली."

"बोलून राहिली?" तो हसून म्हणाला. "कुठे राहिली?"

वर्ग हसला. तीही थोडी हसली, कारण तिला विनोद कळला नव्हता. तिनं पुढचं वाक्य म्हटलं, "मले तुमचा नंबर सांगता का?" त्यानं हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही इथल्याच आहात ना? जरा दहा वेळा म्हणवून घ्या यांच्याकडून. मला, तुम्हाला, बोलतेय."

मी फळ्यापाशी उभी होते. नाही म्हणता आलं असतं. प्रमाण भाषा आणि बोली यांवर त्याला पाच मिनिटं सुनावता आलं असतं, तेवढं माझं शिक्षण होतं. मी तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "म्हण प्रणिता. मला."

"मला," ती म्हणाली.

"पुन्हा."

तिनं दहा वेळा म्हटलं. मोजत मी होते. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, आणि पाचव्या-सहाव्या वेळेनंतर त्यांत काही उरलं नव्हतं. दहावा 'मला' निर्दोष होता. प्रशिक्षकानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसानंतर ती माझ्याशी शुद्ध बोलू लागली. इतकी शुद्ध की कॉरिडॉरमध्ये ती "नमस्कार मॅडम" म्हणाली की मी दुसरीकडे बघायचे.

दोन वर्षांनी मला तासिकाही मिळेनाशा झाल्या. मी अमरावतीला आले.

मागच्या शुक्रवारी दुपारी क्लासखालच्या चहाच्या टपरीवर ती भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. केस कापलेले, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. इथेच एका फोन कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र आहे, तिथे ती पाच वर्षांपासून आहे. अर्ध्या तासाची सुट्टी होती. "कशा आहात मॅडम? तब्येत बरी आहे ना?" आवाज लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईचा असतो तसा.

चहा अर्धा झाला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "प्रणिता, मी तुझ्या घरी आले होते ना, तेव्हा खोटं बोलले. माझी नोकरी पक्की नव्हती."

तिनं ग्लास खाली ठेवला. "मले मालूम होतं," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "तुमी बोलल्या तवा सर मळ्याकडे पाहून राहिले होते. मी त्यायच्याकडे पाहत होती."

"मग आलीस कशाला?"

"नर्सिंगवाला आला तं मायशी बोलला. मले पाहाले पाव्हणे आले तेही मायशीच बोलले. तुमी वही मांगतली." तिनं गळ्यातली निळी पट्टी बोटाला गुंडाळली. "तुमच्यावर राग हाये माहा. तो दहा वेळा म्हनाचा हाये. खोट्याचा नाई."

मला वाटलं होतं की अशा वेळी माणूस रडतं. मी चहा पीत राहिले, कारण हातात ग्लास होता. समोरून ऑटो जात होते, त्यांच्या पाठीवर चेहरे. माफी मागावी असं मनात आलं, पण तिच्याशी कोणत्या मराठीत मागायची ते मला ठरवता येईना. शेवटी शिक्षकासारखाच प्रश्न तोंडातून निघाला. "आता लिहितेस का काही?"

"लिहितो ना. दिवसभर लिहितो." ती हसली. आमच्याकडे बाईही 'लिहितो' म्हणते. "एक कॉल झाला की एक चौकट येते. कस्टमर काय म्हने ते लिहा लागते. दोन-चार शब्दांत. जास्त लिहिलं तं सिस्टम घेत नाई."

मग तिनं सकाळचाच एक कॉल सांगितला. दर्यापूरकडचा एक म्हातारा होता. बायको वारलेली. तिच्या नावाचा नंबर बरेच दिवस रिचार्ज न केल्यामुळे बंद होणार होता. तो म्हणत होता, बाई, माह्या बुढीचा नंबर बंद नोका करू. मी माह्या फोनवरून लावतो तं तिचा फोन घरात वाजते. खुंटीवर टांगला हाये. तेवढा वाजू द्या.

"मी त्याच्याशी आपल्याच भाषेत बोलली," प्रणिता म्हणाली. "तो लय बोलला. बुढीनं फोन कसा घेतला, कोनाकोनाले लावे, सारं. वरून कॉल ऐकत असतात, त्यायनं माहे गुन कापले. म्हने भाषा बरोबर नोती अन् वेळही लय लागला."

"मग चौकटीत काय लिहिलंस?"

तिनं सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे तशीच बघत होती, जशी वाचून झाल्यावर सरांकडे बघायची.

"कस्टमर इमोशनल. कॉल क्लोज्ड."

तिनं मोबाइलवर वेळ पाहिली, ओळखपत्र सरळ केलं आणि उठली.

"याच्यापेक्षा कमी शब्दांत नाई होत, मॅडम," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून आपल्या इमारतीत गेली.